डाव्या छातीवरचा धूर

आमच्या गल्लीतले एक्स-रेवाले मामा ओली फिल्म खिडकीपाशी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "सदरा काढ, पोरा. माणूस समोर उभा असताना फोटोला काय विचारायचं?"

मी त्यांची नक्कल करून गल्ली हसवायचो. एकदा ते मागेच उभे. म्हणाले, "बरी जमते. पण मी डावा डोळा मिटतो रे!"

कुंभकोणात आम्ही घरात मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामा चिडले की मात्र दवाखान्यातही मराठीच सुटायची. तुम्ही तिथल्या तमिळ डॉक्टरांचं तोंड बघायला हवं होतं!

मला मास्तरची नोकरी लागत होती. त्यासाठी छातीचा फोटो काढला. उजवी बाजू काळीभोर, डावी धुरकट. डॉक्टर म्हणाले, "डावीकडे क्षय दिसतो. सॅनेटोरियम." झालं, मास्तरकी बुडाली. आईनं त्याच दुपारी माझं ताट आणि पेला परसात वेगळा मांडला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावलं. "तळवे जोड. दाब. जोरात रे, भात नाही खाल्लास?"

डावीकडे छातीचं मांस टरारून वर आलं. उजवीकडे नुसत्या फासळ्या.

"उजवीकडे हा स्नायू तुला जन्मापासूनच नाही," मामा म्हणाले. "मांस नाही म्हणून फोटोत उजवी जास्त काळी, आणि तिच्यापुढे डावी धुरकट. डावी चांगली आहे, आणि हे तिलाच रोगी म्हणतात!"

इतकी वर्षं घाटावर उघडा न्हालो. मला वाटायचं, आपण जरा तिरके उभे राहतो.

मामांनी हे जाऊन सांगितलं तसे डॉक्टर तडकले. "तुमचं काम फोटो काढायचं."

"सरी," असा तमिळमध्ये होकार देऊन मामांनी मला तसाच, हात जोडलेला, डॉक्टरांच्या टेबलापुढे उभा केला. डॉक्टरांनी छाती चाचपली, पुन्हा चाचपली. मग आधीचा कागद फाडला.

आईला मात्र पटेना. "आज हे म्हणतात, उद्या ते."

मामा गेल्या वर्षी वारले. एक्स-रेच्या खोलीत आता दुसरा माणूस आहे, फिल्म पाकिटात घालून हातात देतो. मला मामा आठवतात ते आमच्या परसातले. आमच्यात पेल्याला कुणी ओठ लावत नाही, वरून तोंडात ओततात. मामा तर कढत कॉफीही वरून ओतणारे. त्या संध्याकाळी त्यांनी माझा अर्धा प्यालेला पेला उचलला, ओठ लावला आणि माझी उष्टी कॉफी संपवली. "साखर कमी आहे, वहिनी," एवढंच म्हणाले.

आईनं पेला घासला आणि घरातल्या पेल्यांत उपडा घातला.