काहिलीतला माणूस

नगरहून पाथर्डीची एसटी धरली तेव्हा पाटीवर जिल्ह्याचं नवं नाव होतं आणि कंडक्टरच्या तोंडी जुनं. बस दोन्ही नावांनी सारखीच हादरत होती.

निघालो होतो कला बघायला. माणसाला चिरून आतलं दाखवणारी थोर चित्रं फक्त परदेशात झाली, असं कॉलेजात आमच्या सरांनी सांगितलं होतं. मी ते मानलं होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या पोरानं सरांचं सगळंच मानायचं असतं. परवा पाथर्डीकडच्या एका गावात शिक्षक असलेल्या मित्राचा फोन आला, "आमच्या देवळात नरक रंगवलाय. त्यावर आता फरशी बसणार आहे. लवकर ये." नरकाचं इतकं अगत्याचं आमंत्रण मला याआधी आलं नव्हतं.

पाथर्डीहून पुढे जीप. ड्रायव्हरनं विचारलं, "दर्शनाला का?"

"नाही, देवळातला नरक बघायला."

"मंग एवढ्या लांब कशाला? हा रस्ता बघा की!"

मित्र शाळेत अडकला होता, म्हणून देवळापाशी म्हातारदेव पेंटर उभे होते. नरक त्यांचाच. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागच्या ओळी रंगवण्यात त्यांची हयात गेली. देवळाचं काम मिळालं त्याच्या आधी ते शाळेच्या भिंतीवर पचनसंस्था काढत होते. तिथून ते थेट नरकात आले आणि हात तसाच चालू राहिला.

त्यामुळे सभामंडपाच्या भिंतीवर दोन यमदूत एका पाप्याला करवतीनं उभा चिरत होते, आणि त्याच्या पोटातल्या प्रत्येक अवयवाला बाण काढून नाव दिलेलं होतं. जठर. यकृत. मोठे आतडे. तिसऱ्या यमदूताच्या तळहातावर हृदय होतं, झडपांसकट.

"पाप केल्यावर काय हुतं ते कळतं," पेंटर म्हणाले, "आन् पोरांचा धडा बी हुतो."

परदेशी थोरांना हे सुचलं नव्हतं.

"आणि स्वर्ग?" मी विचारलं.

त्यांनी वर बोट दाखवलं. तिथे ओलीचा मोठा डाग होता. "हितंच हुता. छत गळलं. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे चेहरे सर्गात घेतले हुते. सगळे धुऊन गेले."

"नरकात कुणाचे चेहरे?"

"नरकात बसाया कोन तयार हुतंय? सगळे पापी मनानंच काढले. एकटा दगडू म्हनला, वर्गणी न्हाई माज्याकडं, मला खाली बसव."

दगडू काहिलीत (गुळासाठी उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत) बसला होता. पेंटरनी ती शेजारच्या गुऱ्हाळावरची बघून काढलेली. खाली जाळ, वर उकळतं तेल, आणि दगडू अंघोळीला बसल्यासारखा हसतोय. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात देवस्थान कमिटीचे अध्यक्ष भाऊसाहेब फरशांची खोकी घेऊन आले. फरशीवर बर्फाचे डोंगर, निळं तळं, त्यात हंस. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावानं निदान भिंतीवर तरी पाणी बघावं, ही दूरदृष्टी मला आवडली. गवंड्यानं माल कालवला. बघता बघता चिरलेला पापी यकृतासकट तळ्यात बुडाला.

बाहेर ट्रक थांबला. ऊसतोडीची टोळी निघाली होती. कारखान्याकडे जाण्याआधी इथे कोयता देवाच्या पायरीला टेकवून न्यायची रीत आहे. एका बाईनं कोयता टेकवला, मग बोटावर गंध घेऊन भिंतीकडे आली आणि काहिलीतल्या दगडूच्या कपाळाला लावलं. ती त्याची मुलगी, कमल. शेजारची फरशी तिला दिसली.

"भाऊसायेब, ही कुठवर लावायची?"

"पार कोपऱ्यापतोर."

"माजा बाप हाय हितं."

"नरकात हाय तुजा बाप, कमल! उकळतोय! परगावची लोकं हसत्यात."

"हसू द्या. पन दिसतो तरी. तुमचे वडील सर्गात हुते, कुटं गेले?"

सगळ्यांनी वर ओलीच्या डागाकडे पाहिलं. भाऊसाहेबांनीही.

दगडूचा एकही फोटो कुठे नव्हता, असं पेंटर हळूच म्हणाले. सुशिक्षित माणसानं अशा वेळी पुढे व्हावं, म्हणून मी पुढे झालो. "ताई, मी मोबाईलवर छान फोटो काढून देतो."

तिनं मला नीट न्याहाळलं. "आन् गंध कुटं लावू? मोबाईलला?"

पदवीचा उपयोग तेवढ्यात संपला. कमल भिंतीला पाठ लावून खाली बसली. ट्रकनं हॉर्न दिला. तिचा नवरा दोनदा हाक मारून गेला. शेवटी मुकादम (टोळी नेणारा) आला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ती उठली नाही तर त्याचा एक कोयता कमी.

"कमल, चल की बये."

"बाप झाकल्यावर?"

मुकादमानं भिंत पाहिली, भाऊसाहेबांना पाहिलं. "आवो भाऊसायेब, त्येवढी जागा सोडा ना. माजी गाडी खोळंबलीया."

स्वर्ग-नरकाचा निवाडा असा वाहतुकीच्या अडचणीवर झाला. भाऊसाहेबांनी गवंड्याला हातानंच खूण केली. गवंड्यानं काहिलीभोवतीनं फरशी कापली. आता तिथे बर्फाचे डोंगर आहेत, हंस आहेत, आणि तळ्याच्या मधोमध चौकोनी खिडकीत एक माणूस हसत उकळतो आहे. एवढी भेसूर कलाकृती ठरवून कुणाला जमणार नाही.

कमलनं पदरानं बापाच्या तोंडावरचं सिमेंट पुसलं, पुन्हा गंध लावलं. "जाते रं दादा. पाडव्याला येते." कोयता उचलला आणि ट्रकमध्ये चढली.

"तुमचा चिरलेला माणूस गेला," मी पेंटरना म्हणालो.

"जाऊ द्या. आतडी शाळंत हायेत. काहील झ्याक आल्ती, ती ऱ्हायली."

घरी आलो. आमच्या भिंतीवर पदवीच्या झग्यातला माझा फोटो आहे, स्टुडिओतला. मागच्या पडद्यावर निळं तळं आणि हंस. इतकी वर्षं ते माझ्या नजरेतच आलं नव्हतं. आईला विचारलं, आजोबा कसे दिसायचे? त्यांचा एकही फोटो घरात नाही.

ती बराच वेळ आठवत राहिली. "उंच होते," म्हणाली. मग म्हणाली, "फार नाही."

आमच्या देवळात कुणी नरक रंगवलाच नाही. रंगवला असता, तर आजोबांसाठी तिथे एक चांगलीशी काहील मी हात जोडून मागितली असती.