व्हायोलिनवाले सरकेनात

आमच्या घरात डावखुरी मी एकटीच. देवळात तीर्थ घ्यायला डावा हात पुढे झाला की आई तो चटकन मागे ओढायची आणि पुजाऱ्यांना अर्ध्या कन्नडमध्ये म्हणायची, "अण्णा, स्वल्प थांबा, जरासं." मग मी उजवा पुढे करायचे. जेवायला उजवा, लिहायला उजवा, सगळं मुकाट्याने ऐकलं. मृदंगाच्या बाबतीत मात्र कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, आणि त्यापायी विद्यापीठातलं पहिलं वर्ष जीव मुठीत धरून काढलं.

मृदंगाला वर्ग असा नव्हताच. आठवड्यातून एकदा, एका अरुंद खोलीत, सर आणि मी समोरासमोर. चिकपेटच्या आमच्या घरून मेट्रोने मी वाद्य पोटाशी धरून न्यायचे, आणि दर वेळी तपासणीवाला त्यावर टकटक करून बघायचा, जसं काही आत कोणी बसलंय. सर कन्नडमध्ये बोलायचे आणि मला घरातल्या मराठीइतकीच कन्नड येते, त्यामुळे आमच्या भांडणाला भाषेची अडचण कधी आली नाही.

भांडण एकच. मृदंगाला दोन तोंडं. एक बारीक, खणखणीत बोलांचं, ते उजव्या हाताखाली. दुसरं जाड आवाजाचं, ते डाव्या. मी वाद्य उलटं फिरवून मांडीवर घ्यायचे. सर समोर बसले की त्यांना आरशात बघितल्यासारखं व्हायचं आणि त्यांचं डोकं फिरायचं. "नीट धर," म्हणायचे. मी धरायचे. मग उजव्या हाताने बोल असे पडायचे, जिन्यावरून भांडं गडगडत जावं तसे.

"बघा," मी म्हणायचे.

"बघतोय. सराव नाही, दुसरं काही नाही."

आता यात एवढं अडतं कुठे, असं कुणालाही वाटेल. अडतं ते बसायच्या जागेवर. कर्नाटक संगीताच्या मैफलीत मध्ये गाणारा, त्याच्या डाव्या हाताला व्हायोलिन, उजव्या हाताला मृदंग. मृदंगवाला गाणाऱ्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे बारीक बोलांची बाजू आपोआप श्रोत्यांकडे येते. डावखुरा तिथे बसला की ती बाजू मागच्या पडद्याकडे जाते आणि लोकांना ऐकू येतो नुसता जाडा धुमधुम. म्हणून डावखुऱ्याने व्हायोलिनच्या जागी बसायचं आणि व्हायोलिनवाल्याने इकडे यायचं. एवढंच. उठायचं आणि चार पावलं सरकायचं. पण कुणाला विचारून बघा!

"मी तुझा वैरी नाही," सर एकदा म्हणाले. "माझ्याबरोबर एक डावखुरा शिकत होता. माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. व्हायोलिनवाले सरकायचे नाहीत, म्हणून बोलावणी थांबली. आता हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. तुला तिथे बसायचंय?"

 खरं सांगायचं तर मी घाबरले होते. त्या दिवसापासून घरी दार लावून उजव्या हाताने वाजवून बघायचे आणि रडायचे. हात माझाच, पण माझं ऐकायचा नाही.

वर्षाअखेरीला परीक्षा होती ती मैफलीचीच. गाणाऱ्याला साथ करायची. पास झालं तर दुसऱ्या वर्षी वादन, नाही तर वादन सुटलं. मग पदवीपर्यंत नुसती पुस्तकं. व्हायोलिनला विभागाने एक ज्येष्ठ वादक बोलावले होते. त्यांनी आणि सरांनी अर्धं आयुष्य एका मंचावर काढलेलं. जागेचं त्यांना सांगितलंय का, असं मी सरांना तीनतीनदा विचारलं. "फोन केलाय. बघू म्हणाले," एवढंच उत्तर.

परीक्षेच्या सकाळी मी जाऊन सरळ व्हायोलिनच्या जागी बसले. गाणारी, आमच्याच विभागातली सीनियर, माझ्याकडे बघून हलकेच हसली. मग व्हायोलिनवाले आले आणि माझ्या डोक्याशी उभे राहिले.

"ही माझी जागा."

मी सरांकडे पाहिलं. ते खाली पहिल्या रांगेत बसले होते. म्हणाले, "जरा तिकडे बसाल का? मुलगी डावखुरी आहे."

"तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. जागा बदलायला नाही आलो. तिकडून माझं व्हायोलिन भिंतीला ऐकू जातं."

"मग माझा मृदंग भिंतीने ऐकायचा का?" मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!  व्हायोलिनवाल्यांचे कान लाल झाले. सरांनी मला हाताने खूण केली, ऊठ. मी उठले. सरांचा असा संताप आला होता की समोरचं नीट दिसेना. वर्षभर मला बदलायला सांगत होते, आणि जो उजवा-डावा काही न बदलता नुसता सरकू शकत होता, त्याला एका वाक्यापलीकडे काही बोलले नाहीत.

पलीकडे नेहमीच्या मृदंगाच्या जागी बसून, बारीक बोलांचं तोंड पडद्याकडे, अशी मी वाजवायला लागले. परीक्षेला माईक नव्हता. पहिलं गाणं संपलं आणि परीक्षक बाईंनी हात वर केला. म्हैसूरहून आलेल्या, वीणा वाजवणाऱ्या, केस पांढरेशुभ्र.

"मला एकच बाजू ऐकू येतेय. वाद्य फिरवशील?"

"नाही, मॅडम. मला त्या हाताने येत नाही."

आता संपलं, असं वाटलं.  बाईंनी व्हायोलिनवाल्यांकडे पाहिलं. ते मान खाली घालून खुंटी पिळत बसले, जणू तार आत्ताच उतरली होती. बाई उठल्या. चपला काढल्या, पदर खोचला आणि लटपटत मंचावर चढल्या. गाणारीच्या मागून, आम्हा सगळ्यांना वळसा घालून, थेट पडद्यापाशी गेल्या आणि माझ्या बारीक बोलांच्या समोर मांडी घालून बसल्या.

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या, "आता वाजव."

 दुसऱ्या गाण्यात एकदा ताल निसटता निसटता राहिला, तो गाणारीने सावरला. पण शेवटी, जिथे गाणं थांबतं आणि मृदंग एकटाच वाजतो, तिथे मात्र मला भीतीच उरली नाही. हातभर अंतरावर एक बाई डोळे मिटून ऐकत होत्या. बाकी कोण कुठे बसलंय याची मला पर्वा नव्हती.

"दुसऱ्या वर्षी ये," बाई उठताना म्हणाल्या. "वादनालाच ये."

मी मंचावरून उडीच मारली. "सर, पास!"

सर खुर्चीतून उठले नाहीत.

"मी काही ऐकलंच नाही," ते म्हणाले. "माझी विद्यार्थिनी, मी पहिल्या रांगेत, आणि ऐकला काय तर धुमधुम. काय वाजवलंस ते त्या बाईंना विचारायचं का मी?"

झालं, आता पुन्हा हाताचं सुरू होणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. मंचावर व्हायोलिनवाले सावकाश वाद्य पेटीत ठेवत होते, तिकडे बघत होते. मग इतक्या मोठ्याने बोलले की दारापाशी गेलेली गाणारीसुद्धा वळली.

"पेटी तिकडे नेऊन आवरा. ती जागा हवीय."

व्हायोलिनवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.  मग पेटी उचलून कडेला गेले.

"तिथे बस," सर मला म्हणाले. "शेवटचं वाजव. सगळं."

मी मृदंग घेऊन चढले आणि बसले. बारीक बोल पहिल्यांदाच समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन आदळले. आवर्तनं मोजायचं सोडून हात पुढे पळायला लागले. सर मांडीवर ताल धरून बसले होते. मध्येच त्यांनी हात उचलला. मी थांबले.

"घाई करतेयस," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

पुढे आणखी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पुन्हा मांडीवर ताल धरला. मी पहिल्यापासून सुरू केलं.