छतावरची मडकी

भिलाईत आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये तो राहायचा. कारखान्यात वेल्डर होता. रस्त्यावर टाकलेली कुठलीही वस्तू उचलून आधी कानाशी नेऊन बोटाने वाजवायचा, मगच तिचं काय करायचं ते ठरवायचा. सायकलच्या रिंगांची त्याने खिडकीला जाळी केली होती. एका उन्हाळ्यात कुंभाराकडची तडकलेली मडकी आणून त्याने छतावर पालथी मांडली आणि त्याची खोली खरोखर गार झाली. माझी बायको दुपारी वर जाऊन बसायची आणि खाली येऊन त्याचं कौतुक करायची. मला ते सोसलं नाही.

क्वार्टरमध्ये विनापरवानगी बदल केल्याची निनावी तक्रार मी कारखान्याच्या वसाहत ऑफिसात केली. तिथली माणसं येऊन मडकी उतरवायला लावून गेली. सगळ्यांचा संशय समोर राहणाऱ्या, त्याच ऑफिसातल्या बाबूवर गेला आणि मी तो जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी हा वेल्डर मडकी घेऊन आमच्या दारात.

“भाऊ, फेकाले मन होऊन नाही राहिलं. तुमच्या मागच्या टिनाच्या शेडवर मांडून देतो. वहिनी तिथंच सैपाक करते, भाजून निघत असन बिचारी.”

“पुन्हा कोणी तक्रार केली तर?”

“तं तिसरं छत पाहू न!” तो हसला.

परवानगी आमच्या शेडलाही नव्हती. तो वर चढला. मी खालून एकेक मडकं त्याच्या हातात देत होतो. खरं काय ते प्रत्येक वेळी ओठावर आलं. शेवटचं मडकं देतानाही मी फक्त “सांभाळून” म्हणालो.