लाइन बंद असताना आलेला तुकडा

इथं लिहिणारे बरेच जण आधी सांगून टाकतात की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं थोडं वेगळं आहे. मला विश्वास ठेवायला किंवा न ठेवायला कधी फुरसतच मिळाली नाही. आमचं घर लिंगायत वाण्याचं, वडील पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. मी आपली कपाळाला विभूती लावायचो आणि दुकानात जाऊन बसायचो. कुणी करणी, अंगात येणं, असलं काही बोलायला लागलं की मला जांभई यायची. अजूनही येते. तरीही हे लिहितोय, कारण बरीच वर्षं झाली आणि मला ते कोडं काही सुटत नाही...

गाव पाटोदा, जिल्हा बीड. मोबाईल नुकते कुठं कुठं दिसायला लागले होते आणि ब्रॉडबँड फक्त पेपरात वाचायला मिळायचं, तेव्हाची गोष्ट. बाजारपेठेत वडिलांचं किराणा दुकान होतं. त्याच्या अर्ध्या भागात प्लायवुडची भिंत घालून मी नेट कॅफे टाकला होता. जुने कॉम्प्युटर, टेलिफोनच्या वायरवर चालणारं नेट आणि एक इन्व्हर्टर, एवढाच पसारा. पलीकडून तूरडाळीचा आणि गुळाचा वास यायचा.

गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं. त्यांना गाणी पाहिजे असायची. तेव्हा ते पीअर-टू-पीअरचं सॉफ्टवेअर नवं नवं आलं होतं. म्हणजे मध्ये दुकानदार कुणी नाही. तुमच्या मशीनमधली फाइल मी थेट घ्यायची, माझ्यातली तुम्ही. ऐकायला छान वाटतं. पण आमच्याकडे दुपारभर लोडशेडिंग, लाइन सारखी तुटणार... अर्धं गाणं उतरलं की नेट गेलं, पुन्हा पहिल्यापासून. एक सॉफ्टवेअर टाकलं तर त्यानं जाहिरातींच्या खिडक्या उघडून मशीन पार बसवून टाकलं. दुसऱ्यात गाण्याच्या नावाखाली व्हायरस आला. माझं निम्मं आयुष्य तेव्हा फॉरमॅट मारण्यात चाललं होतं.

अशाच एका उन्हाळ्यातल्या दुपारी म्हसू आला. म्हसू धनगर, आमच्या ओळखीचा. त्यांच्या मेंढ्या आमच्या शेतात बसायला यायच्या, खतासाठी. तो कॅफेत कधी आलेला नव्हता. चपला बाहेर काढून आत आला आणि उभाच राहिला.

"शेट, तुमच्या कॉम्पुटरात गाणे सापडत्यात म्हणं?"

"सापडतात. कोणतं पाहिजे?"

"आमच्या सोपानाचं."

सोपान त्याचा थोरला भाऊ. मागच्याच हिवाळ्यात गेला होता. गेवराईच्या पुढं हायवेवर मेंढ्या रस्ता ओलांडत असताना वाळूच्या ट्रकनं त्याला उडवलं. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून पुरुषमाणसांनी तिकडंच माती दिली आणि घरी नुसता निरोप आणला. हे मला माहीत होतं. सोपान ओव्या फार चांगल्या म्हणायचा, हेही माहीत होतं. आमच्याच शेतात त्याला ऐकलं होतं.

म्हसूनं सांगितलं ते असं. अपघाताच्या आदल्या वर्षी नांदूरघाटच्या शिवारात त्यांचा वाडा होता, म्हणजे मेंढरांचा तळ. तिथं पुण्याच्या एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. सोपानाची ओवी भरून घेतली आणि जाताना म्हणाल्या, हे आता इंटरनेटवर जगात कुठंही ऐकता येईल. बाईंचं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, पत्ता तर नाहीच.

"पण आत्ताच कावून पाहिजे?" मी विचारलं.

"आय म्हनती, म्या बगितलं न्हाई, तर त्यो गेला कसा म्हनू? दहावं करू दिलं न्हाई, तेरावं करू दिलं न्हाई. काई खात न्हाई, शेट. दिसभर वाटेवर बसून राहती. मला मेंढरं घिऊन भाईर जाता येईना. ती आसं किती दिस काढंल? मला वाटलं, आवाज तरी ऐकवावा."

मला खरं तर नको होतं. त्या दिवशी दोन मशीन बंद होती आणि उकाड्यानं डोकं दुखत होतं. पण नाही म्हणवलं नाही.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये काही सापडलं नाही. दुसऱ्यात मिळालं! इंग्रजीत धनगर, ओवी, बीड असं लिहिलेली एक फाइल. पण ती अख्ख्या जगात एकाच माणसाकडं होती, आणि तोही आमच्यासारखाच फोनच्या लाइनवर असावा. थोडं उतरायचं, तो निघून जायचा, आणि आमचं उतरलेलंही वाया जायचं. बीडला माझा मित्र रफीक होता, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. त्याला फोन केला.

"ते काढून टाक बे," तो म्हणाला. "त्याच्यात रिझ्यूम न्हाई. तुकड्या-तुकड्यानं घेणारं टाक. तुटलं तर तिथूनच पुढं चालू होतं. लई हळू हाय, पण सोडत न्हाई."

ते टाकलं. त्यात फाइलपुढं एक पट्टी असायची, जेवढं आलं तेवढी ती भरत जायची. शेजारी सोर्सचा रकाना, म्हणजे ती फाइल देणारे आत्ता किती जण ऑनलाइन आहेत त्याचा आकडा. आमच्या फाइलपुढं कधी एक, बहुतेक वेळा शून्य. पण रफीक खरं बोलला होता. रोज थोडी थोडी पट्टी सरकत होती.

निम्म्यावर आल्यावर मी म्हसूला म्हटलं, आईला घेऊन ये, आलंय तेवढं वाजतं.

मावशी आल्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, पण अंगात काही राहिलं नव्हतं. खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, जमिनीवरच बसल्या. हेडफोन कानाला टोचतो म्हणाल्या, म्हणून मी छोटे स्पीकर खाली ठेवले. आवाज सुरू झाला. आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या, मग सोपान... मला वाटलं होतं मावशी रडतील. त्या रडल्या नाहीत. मान एका बाजूला करून नुसत्या ऐकत राहिल्या. तुकडा संपला तसं म्हणाल्या,

"म्होरं?"

"अजून यायचंय, मावशी."

"बरं. म्या उंद्या येते."

आणि त्या रोज यायला लागल्या. दुपारी, उन्हाच्या. त्यांच्या पालावरून चालत. यायच्या, जेवढं आलं असेल तेवढं सगळं पहिल्यापासून ऐकायच्या, आणि जायच्या. वडील प्लायवुडच्या पलीकडून सगळं ऐकत असत. एकदा त्यांनी लिंबाचं सरबत पाठवलं, मावशींनी ते घेतलं नाही. पोरं कुरकुर करायची, की शेट, किती दिवस हे मेंढरांचं गाणं. मी तरी काय करणार होतो. त्या बाईला नका येऊ म्हणणं मला जमलं नसतं.

अगदी शेवटचा तुकडा राहिला आणि गाडी अडली. पट्टी कडेला भिडत आली होती, बोटाएवढी जागा मोकळी. सोर्स शून्य. दिवसामागून दिवस शून्य. ज्याच्याकडं ती फाइल होती त्या माणसाला मी चॅटमध्ये निरोप टाकून ठेवला, उत्तर नाही.

त्यातच एके सकाळी रस्त्याच्या कामावर कुणीतरी टेलिफोनची केबल तोडली. पेठेतले सगळे फोन गार. रिसीव्हर उचलला तर टोनसुद्धा नाही. मी मॉडेमची वायर काढून गुंडाळून ठेवली, कारण लाइन जोडताना कधी कधी करंट येतो आणि आमचं एक मॉडेम तसंच जळालं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. वायर भिंतीला जोडलेलीच नव्हती.

दुपारी मावशी आणि म्हसू आले. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच मशीन चालू ठेवलं होतं. म्हटलं, नवीन काही नाही, जुनंच ऐका. प्लेअर लावण्याआधी सवयीनं ते सॉफ्टवेअर उघडलं. सोर्स शून्य. वर लाल अक्षरात नेट नाही असं. आणि पट्टी सरकत होती.

मला वाटलं, स्क्रीन अडकलीय. माउस हलवला, बाण नीट फिरत होता. मॉडेमकडे बघितलं, एकही दिवा नाही. म्हसू माझ्या खुर्चीच्या मागं उभा होता.

"शेट, फोन तर बंद हाय ना?"

"बंद आहे."

"मग हे कसं भरायलंय?"

आम्ही दोघं बघत राहिलो. मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. खूप थकलो असलो की समोरचं बघतो आणि डोकं पुढं चालत नाही, तसं झालं होतं. पट्टी कडेला टेकली. पूर्ण, असं आलं.

खाली बसलेल्या मावशी म्हणाल्या, "लाव की."

मी लावलं. घंट्या, ओवी, रोजचंच सगळं. जिथं रोज तुटायचं ती जागा आली आणि आवाज पुढं गेला. सोपाननं ओवी संपवली. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसती टेपची खरखर. आणि मग तोच आवाज, गाण्यातला नाही, साधा, बोलण्यातला. जवळून बोलल्यासारखा.

"आये, माझी भाकर झाकून ठिवू नगं. तू खा."

तेवढंच. फाइल संपली.

मला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नाही. टेप चालू असताना आईशी बोलला असेल, एवढंच डोक्यात आलं. पण मागं वळलो तर म्हसू भिंतीला टेकून खाली बसला होता. मावशी मात्र शांत होत्या. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"झालं. बोलला त्यो." मग म्हसूकडे बघून, "चल घरी. भूक लागली."

जाताना म्हसू मागं राहिला. हळूच म्हणाला, "शेट, सोपान गेल्यापासून आय रोज संध्याकाळी त्याची भाकर झाकून ठिवती. म्होरच्या दिशी ती आमी कुत्र्याला घालतो. ती खात न्हाई, का तर त्याला कमी पडंल म्हनून. हे आमी कुनाला सांगितलं न्हाई. लाज वाटती."

"पण आधीही ठेवत असेल ना, तो जिवंत असताना?"

"तवा कशाला ठिवंल? तवा आमी समदी एकाच तळावर ऱ्हायचो, जेवायलाबी संगंच. आन् बाई आलत्या तवा आय तिथं नव्हतीच. पाटोद्यात बहिनीकडं आलती."

त्या आठवड्यात त्यांनी सोपानाचं सगळं राहिलेलं केलं. मावशी स्वतः बसल्या होत्या म्हणे.

आता पुढचं. दुसऱ्या दिवशी मी मशीन उघडलं तर पट्टी पुन्हा कडेपासून बोटभर अलीकडे. सोर्स शून्य. फाइल लावली तर जुन्याच जागी तुटली. फोन बंदच होते, म्हणून बीडच्या एसटीतून निरोप धाडून मी रफीकला बोलावून घेतलं. त्यानं सगळं तपासलं, लॉग उघडले, हार्ड डिस्क स्कॅन केली.

"काल काहीच उतरलं न्हाई बे," तो म्हणाला. "तू झोपला असशील."

"आणि म्हसू? आणि त्याची आई?"

तो चहा पिऊन बीडच्या गाडीत बसला. नंतर हा विषय निघाला की तो दुसरंच काहीतरी विचारायचा.

लाइन दुरुस्त झाल्यावर काही दिवसांनी सोर्स एक झाला आणि तो शेवटचा तुकडा खराच उतरला. मी एकट्यानं ऐकला. ओवी संपते. थोडी खरखर. मग सोपान विचारतो, "झालं का, ताई?" एक बाई "हो, झालं" म्हणतात आणि टेप बंद केल्याचा खटका येतो. भाकरीचं काही नाही. चॅटवर त्या माणसाचं उत्तरही आलं होतं. ओवी भरून घेणाऱ्या पुण्याच्या बाई त्याच्या आईची बहीण, कॅसेटवरून फाइल त्यानंच केली होती. मी विचारलं, शेवटी आणखी काही बोलणं होतं का, कापलंय का? तो म्हणाला, नाही, कॅसेट तिथंच संपते. ती फाइल त्याच्याकडून माझ्याशिवाय कुणीच घेतलेली नव्हती.

मी म्हसूला हे सांगायला गेलो. वाटलं, त्याला कळायला पाहिजे. तो मेंढरं बाहेर काढायच्या गडबडीत होता. मी म्हटलं, खरी फाइल आलीय, ऐकायला ये, तिच्यात ते वाक्य नाही.

"आयनं ऐकलं ना," तो म्हणाला. "मग परत कावून ऐकायचं?"

त्याचंही बरोबर होतं. मावशी पालापुढं बसून ताट हातात घेऊन जेवत होत्या. मला बघून त्यांनी बसायला सांगितलं. मी बसलो नाही, दुकान उघडं टाकून आलो होतो.

मावशी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. कॅफे मी पुढं बंद केला, आता तिथं मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्स आहे. ती मशीनं भंगारात गेली. फाइल मात्र मी एका मशीनवरून दुसऱ्यावर नेत राहिलो. नेटवर्कमधलं माझ्यापेक्षा जास्त कळणारे लोक इथं आहेत, त्यांनी काही सुचलं तर जरूर सांगावं. बफर, कॅश, टेंपररी फाइल, हे सगळं मी तपासलेलं आहे. दमलो मी आता त्यानं.

कधीतरी दुपारी दुकानात गर्दी नसली की ती लावतो. "झालं का, ताई?" होतं, खटका होतो, संपते. मी लगेच बंद करत नाही. थोडा वेळ तसाच बसतो, मग कुणीतरी झेरॉक्सला येतं.