पाच फेऱ्यांपुरती

सहाव्या फेरीच्या वळणावर डेक्लनने हात आडवा घातला. मी थांबले नाही, तेव्हा त्याने माझा दंड धरला आणि मला ट्रॅकच्या आत ओढलं. पाय अजून धावत होते, त्यामुळे मी गुडघ्यांवर पडले. बाकीच्या मुली बाजूने निघून गेल्या. बाकांवर कोणीतरी हसलं. इनडोअर ट्रॅकला छप्पर असतं. हसू बाहेर जात नाही, फिरून परत येतं.

२०२० चा फेब्रुवारी होता, डब्लिनमध्ये. पंधराशे मीटर. आतला ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे साडेसात फेऱ्या. डेक्लन आमच्या क्लबचा कोच. केतकीताई क्लबमधलीच धावणारी, पेशाने डॉक्टर, पुण्याची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला पाच मिनिटांच्या आत यायचं होतं. त्यासाठी दर फेरी चाळीस सेकंदांच्या आत हवी. तो वेग सांभाळायचं काम माझं. मी पुढे धावायचं, तिने मागे राहायचं. पाच फेऱ्या झाल्या की मी ट्रॅकबाहेर उतरायचं आणि तिने पुढे जाऊन शर्यत संपवायची.

मलाही पाच मिनिटांच्या आत यायचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फारसं कोणाला काही सांगत नाही. शर्यतीआधी धीर करून डेक्लनला एवढंच विचारलं, की दम उरला तर शेवटपर्यंत धावू का? तो घड्याळाशी खेळत म्हणाला, "यू आर ग्रँड."

मी सोलापुरात कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ग्रँड म्हणजे भव्य, उत्तम. मला वाटलं, धाव म्हणतोय. छान आहेस म्हणतोय. खरं सांगायचं तर त्या आनंदात मी वॉर्म-अपच्या दोन फेऱ्या जास्त मारल्या.

आयर्लंडमध्ये चहा नको असेल तर म्हणतात, आय अॅम ग्रँड. आणि तुम्ही मदतीला पुढे झालात की म्हणतात, यू आर ग्रँड. म्हणजे राहू दे. गरज नाही. हे मला त्या दिवशी गुडघ्यांवर बसून कळलं. डेक्लन वरून ओरडत होता, की मी तुला नाही म्हणालो होतो.

माझ्यामुळे केतकीताईला वळणावर बाहेरून जावं लागलं. पाच मिनिटं आणि दोन सेकंद. ती श्वास घेत कमरेत वाकली होती. मी सॉरी म्हणायला गेले. ती हसली. मराठीत बोलली, अगदी मायेच्या आवाजात.

"अगं, वाजंत्री वरातीच्या पुढेच असतात. म्हणून काय बोहल्यावर चढतात? तुला तर माहीत असायला हवं."

डेक्लनने विचारलं, काय म्हणाली? तिने सांगितलं, आमच्याकडची एक म्हण आहे. तोही हसला.

माझे आजोबा, आबा, हलगी वाजवायचे. लग्नात, जत्रेत, कोणी मेलं तरी. वरातीच्या पुढे चालायचे. मांडवाच्या दाराशी वरात आत जायची आणि आबा बाहेर उभे राहायचे. पंगती उठल्यावर त्यांना पत्रावळीवर वाढायचे, तेही दुरून. हे मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे, घरात, दार लावून.

केतकीताईला हे कसं माहीत? मीच सांगितलं होतं.

तिची माझी ओळख डब्लिनमधल्या मराठी लोकांच्या गणपतीत झाली. ती म्हणाली होती, "आडनावावरून कळत नाही गं तुमचं." मग गाव विचारलं. मग वडील काय करतात. मग आजोबा. मी म्हटलं, शेती. या प्रश्नांची उत्तरं मला लहानपणापासून पाठ आहेत. पाढ्यांसारखी.

पण मीही धावते हे कळल्यावर ती मला टॅलाहून, मी राहते त्या उपनगरातून, ट्रॅकवर गाडीने न्यायला लागली. कधी थर्मासमधून चहा द्यायची. घरापासून इतक्या लांब कोणी मराठीत 'दमलीस का गं' विचारलं की माणूस सैल होतं. एकदा तिने विचारलं, घड्याळ न बघता तू प्रत्येक फेरी चाळीसची कशी धावतेस? मी सांगून टाकलं. डोक्यात हलगी वाजते. आबांची. ते आधी हलगी शेकायचे, नाहीतर ती बसकी वाजते. माझा वॉर्म-अप म्हणजे तेच. हा माझा विनोद होता. ती खूप हसली. मग सिग्नल सुटायच्या आत तिने रेडिओ लावला. त्यानंतरच्या आठवड्यापासून थर्मास तोच होता. माझ्यासाठी मात्र कागदी कप आला. मी तेव्हा स्वतःला समजावलं, की धुवायचा त्रास वाचतो.

संध्याकाळी निकालाचा कागद लागला. माझ्या नावापुढे वेळ नव्हती. डीएनएफ. शर्यत पूर्ण केली नाही.

पुढच्या महिन्यात सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या आत राहायचं, असा नियम आला. मी टॅलामधल्या एका हिरवळीभोवती फिरून फिरून धावायचे. पप्पांना फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, ते चिडतील. ते चिडलेही. माझ्यावर.

"कशाला सांगितलंस तिला? यासाठी इंग्लिश शाळेत घातलं होतं तुला?"

मी फोन ठेवला. त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं केतकीताईच्या वाक्यानेही लागलं नव्हतं. शाळेची फी, टाय, पॉलिशचे बूट, घरातसुद्धा इंग्लिश बोलायची सक्ती. हे सगळं मला पुढे नेण्यासाठी आहे असं मी समजत होते. ते आबांना लपवण्यासाठी होतं. आणि त्या शाळेने मला एवढं इंग्लिशही शिकवलं नाही, की नकार नकारासारखा ऐकू यावा.

मी लाजाळू आहे, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. त्या हिरवळीवर धावताना कळलं, की यातली लाज माझी नाही. ती मला घालून दिलेली आहे, गणवेशासारखी. हलगी मात्र माझी होती. मांडीवर बोटांनी ठेका धरून मी वर्षभर धावले. पुढचा इनडोअर मोसम आमच्यासाठी झालाच नाही. तरी धावले.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये ट्रॅक उघडला. दारात लशीचं सर्टिफिकेट दाखवायचं, तोंडाला मास्क. डेक्लनचा मेसेज आधीच आला होता. केतकी पुन्हा प्रयत्न करतेय, पाच फेऱ्या नेशील ना? मी उत्तर दिलं, मी शर्यत धावणार आहे. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याला ते खरं वाटलं नाही. केतकीताईला त्याने सांगितलंही नव्हतं.

स्टार्टपाशी मी त्याला समोर उभं राहून सांगितलं, आज मी शेवटपर्यंत धावणार.

"यू आर ग्रँड," तो म्हणाला.

"नो. आय अॅम नॉट."

तो घड्याळ घेऊन ट्रॅकच्या आत गेला. मग बंदूक वाजली.

मी पुढे गेले नाही. केतकीताई माझी वाट पाहत हळू झाली. मी तिच्या खांद्यामागे राहिले. कोणीच पुढे जाईना. पहिली फेरी सेहेचाळीसची झाली. डेक्लन आतून ओरडत होता. दुसऱ्या फेरीत तिने मान वळवली.

"पुढे हो ना."

"नाही."

"अगं, पुढे हो."

मी दम वाचवला.

चौथ्या फेरीत तिने स्वतःच वेग धरला. वेड्यावाकड्या फेऱ्या, एक अडतीसची, एक त्रेचाळीसची. पाच झाल्या. सहाव्या फेरीच्या वळणावर डेक्लन उभा होता. मी त्याच्या हातांकडे पाहत धावले. हात खिशात होते.

केतकीताईने माझ्या आधी शर्यत संपवली. पाच मिनिटं आणि अकरा सेकंद. मी चौदा. दोघींनाही जे हवं होतं ते मिळालं नाही. ती पाणी प्यायली आणि इंग्लिशमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की काही लोकांसाठी कितीही करा. मी स्पाइक्सचे बूट काढले आणि बसने घरी गेले. दोन बस बदलून. टॅलाला पोहोचेपर्यंत मला क्लबच्या ग्रुपमधून काढलं होतं.

निकालाचा कागद मी फोनवर उघडला. नाव, आणि नावापुढे वेळ. पाच चौदा. वाईट वेळ आहे. माझी आहे. तो कागद पप्पांना पाठवला. खाली मराठीत लिहिलं, हलगीवाल्याची नात. त्यांनी वाचलं. उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

दुसऱ्या क्लबमध्ये नाव घातलं आहे. तिथे कोणी विचारलं, आजोबा काय करायचे, तर शेती म्हणणार नाही. आणि वेग धरून पुढे धावायचं मला अजूनही सगळ्यांहून चांगलं येतं. मी पुढे धावेन. साडेसातच्या साडेसात. मधे कोणी हात आडवा घातला, तर या वेळी मी नाही पडणार.