तेल लावलेला सिलिंडर

मी चौथीपर्यंत शिकलो. पण शेंदूरजनाघाटात संत्र्याची बाग उभी केली ती कोणाचा सल्ला न घेता. त्यामुळे कोणी मला ‘हे करू नका’ म्हटलं, की आधी कावून, म्हणजे का, ते सांगा, असा माझा स्वभाव. अजूनही तोच आहे.

गेल्या हिवाळ्यात बायकोचं फुफ्फुस बिघडलं. श्वास पुरेना. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन हैदराबादला होईल, पण लवकर न्या. एवढ्या लांबचा रस्ता तिला झेपणार नव्हता. आमची बाग दरसाल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं, आमच्या शेठचं, स्वतःचं लहान विमान आहे. तो म्हणाला, “काकाजी, मी परवा हैदराबादले चाललो. जागा आहे. काकूले घेऊन या.”

दवाखान्याच्या गाडीतून आम्ही अमरावतीच्या विमानतळावर पोचलो. घरचा सिलिंडर मी गोधडीत गुंडाळून सोबत घेतला होता. त्याची चावी घट्ट फिरत होती, म्हणून निघताना तिला चांगलं तेल चोळलं. बोअरचा व्हॉल्व्ह असो, फवारणीचा पंप असो, आमच्याकडे अडलं की तेल.

विमान चालवणारी पोरगी अकोल्याच्या जठारपेठेतली. तिनं गोधडी उघडली, चावीवरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

“काका, याले तेल कोणं लावलं?”

“म्या लावलं. पाय, आता एका बोटानं फिरते.”

“हा विमानात येणार नाही.”

“कावून?”

“ऑक्सिजन जोरानं सुटला अन् त्याले तेल लागलं, तर काडी लावाची गरज नाही, आपोआप पेट घेते. खाली पळता तरी येते. वर कुठं पळसान?”

“विमान तुयं आहे का? शेठचं आहे. माया ट्रॅक्टरवर मी डिझेलची कॅन, फवारणीचं औषध अन् मजूर एकाच ट्रॉलीत नेतो. कोण अडवते मले?”

“म्हणूनच तो उडत नाही, काका.”

दवाखान्याचा ड्रायव्हर हसला. माझं डोकं तापलं. पोरगी मात्र शांतपणे सांगत होती, की विमान घरचं असो की भाड्याचं, पेटणारी, फुटणारी, विषारी वस्तू अशी चढवता येत नाही. आजाऱ्याचा ऑक्सिजन नेता येतो, पण सिलिंडर तपासलेला पाहिजे, व्हॉल्व्ह स्वच्छ पाहिजे, आणि विमान चालवणाऱ्याची परवानगी पाहिजे.

मी म्हणालो, “हा सिलिंडर नाही, तर आमी बी नाही. गाडी फिरवा माघारी.”

स्ट्रेचरवरून बायकोनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. “तुमी जा माघारी. नाही तर त्या सिलिंडरलेच डॉक्टरले दाखवा. मले श्वास पायजे, तुमचा हट्ट नको.” एवढं बोलली आणि खोकल्यानं वाकडी झाली. मी मास्क पुन्हा बसवला. तिचे ओठ निळसर दिसत होते.

तेवढ्यात पोरगी विमानापाशी उभ्या असलेल्या शेठकडे वळली. “शेठ, तुमच्या बॅगेत काय आहे?”

“साळ्याच्या बागेसाठी औषधाची बाटली. सील आहे, फोडली नाही.”

“ते बी खाली ठेवा. वर हवेचा दाब बदलते. झाकण गळलं तर तो वास काकूच्याच छातीत जाईल.”

मला वाटलं, आता हा तिला झापतो. शेठनं बॅग उघडली, बाटली काढली, स्वतः चालत जाऊन आपल्या मोटारीच्या डिकीत ठेवून आला. तोंड वाकडं केलं नाही, की विमान कोणाचं हे बोलला नाही. मी ते पाहत उभा होतो. मग ड्रायव्हरला म्हणालो, “माया सिलिंडर तुया गाडीत राहू दे. अन् तुयाकडचा लहानवाला दे.”

त्यानं दवाखान्यात फोन लावून विचारलं. ते न्या म्हणाले. पोरीनं त्या सिलिंडरवरचा तपासणीचा शिक्का वाचला, काटा पाहिला, व्हॉल्व्हवर कोरडं फडकं फिरवलं आणि पट्ट्यानं तो सीटला असा आवळला की हलेना. मी विचारलं, “एवढा आवळून काय होते?” तिनं तेही सांगितलं. विमान हललं आणि सिलिंडर पडला, व्हॉल्व्ह तुटला, तर तो दिवाळीच्या रॉकेटसारखा सुटतो. तपासलेला सिलिंडर बी सुटते का, म्हटलं. सुटते म्हणाली. विचारलेलं सगळं तिनं सांगितलं, एकदाही चिडली नाही. असं कोणी सांगितलं तर मला ऐकायला काही अडचण नसते.

वर गेल्यावर बायको खिडकीतून खाली पाहत राहिली. मी तिच्या छातीकडे पाहत होतो. वर, खाली. वर, खाली. हैदराबाद येईपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही.

ऑपरेशन झालं. उन्हाळा घरातच गेला. आता ती नळीशिवाय बागेच्या धुऱ्यापर्यंत, पार बांधापर्यंत चालत येते आणि तिथून मला हाक मारते, जेवायला चला म्हणून. पहिल्या दिवशी ती हाक कानावर आली तेव्हा मी मुद्दाम ओ दिली नाही. मला ती अजून एकदा ऐकायची होती.