लोणच्याच्या बरणीतलं पेट्रोल

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही मिळालं तर. धरणगावजवळच्या आमच्या गावात एकच मोटार होती आणि ती पत्र्याच्या शेडखाली धूळ खात उभी असायची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मोटारवाला म्हणाला, "मोटार तुमचीच समजा, पेट्रोल तेवढं आणा."

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी याच्या-त्याच्या हातापाया पडून थोडं थोडं पेट्रोल जमवलं. आईने ते लोणच्याच्या बरणीत ओतलं, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि बरणी फळीवर ठेवली. जपायची वस्तू ती अशीच जपायची. घासलेट कधी उडालं नव्हतं, मग पेट्रोल उडून जातं हे आम्हाला कोण सांगणार?

अक्काला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणाली. आईने फडकं सोडलं. बरणीच्या तळाला नुसती ओल होती.

"बठ्ठं उडी गयं," आबा म्हणाले आणि बैल जुंपायला धावले.

जळगावच्या वाटेवर मागून एका साहेबाची मोटार आली. साहेबांना मेलं पेट्रोल कधी कमी पडलं नाही! आबांनी दोन्ही हात वर केले. मोटार थांबली नाही. धुरळा खाली बसला, तेव्हा अक्काचं कण्हणं थांबलं होतं.

आबांनी बैल माघारी वळवले. आईच्या मुठीत बरणीचं फडकं तसंच होतं. घर येईपर्यंत ती त्यानेच अक्काच्या तोंडावरची धूळ पुसत राहिली.